फारसीत गोंगाटातली टेस्ट: वाक्यं ट्रान्सलेट करून भागेल का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की तू टोरंटोत ऑडिओलॉजी (कान आणि ऐकणं तपासण्याचं शास्त्र) शिकतोयस, बरोबरची क्लासमेट तेहरानची आहे, दोघांना मिळून फारसी बोलणाऱ्यांसाठी स्पीच-इन-नॉइज टेस्ट, म्हणजे गोंगाटात बोलणं किती कळतं ते मोजणारी टेस्ट, बनवायची आहे. प्लॅन असा की क्विकसिन नावाच्या तसल्याच इंग्लिश टेस्टची वाक्यं ती ट्रान्सलेट करणार, तिच्याच आवाजात रेकॉर्ड करायची, मागे गर्दीचा आवाज सोडायचा आणि एका सेमिस्टरमध्ये विषय संपवायचा. जमेल का.

नाही जमणार. म्हणजे काहीतरी बनेल, हेडफोनमधून ऐकूही येईल, पण त्याला टेस्ट म्हणता येणार नाही. का ते जरा लांबवून सांगते, कारण दहाएक वर्षांपूर्वी एका छोट्या टीमबरोबर मी नेमकं हेच करायला बसले होते आणि तू ज्या चुका करणार आहेस त्यातल्या बऱ्याचशा मी करून झाल्यात.

आधी ही टेस्ट हवीच कशाला ते. मी सुरुवात मुंबईत केली, आता बरीच वर्षं नॉर्थ यॉर्कमध्ये आहे. यंग स्ट्रीटवर फिंचच्या पुढे गेलास की पाट्या फारसी, नानवाले, सुकामेवावाले, लोक गमतीने तेहरांतो म्हणतात त्या भागात. माझे निम्मे पेशंट इराणी. त्यातले एक काका, सत्तरीचे, बायको हाताला धरून घेऊन आलेली. ऑडिओग्राम (ऐकण्याचा आलेख) काढला तर वरच्या फ्रिक्वेन्सीत थोडी घसरण, वयाच्या मानाने चांगलाच. आणि काका म्हणतात, आवाज येतो हो, पण मेहमानीत दहा माणसं जमली की कोण काय बोलतंय ते कळत नाही, मग मी नुसता हसतो आणि मान हलवतो. हेच वाक्य मी दादरच्या आजोबांकडून मराठीत शंभर वेळा ऐकलंय, "ऐकू येतं गं, पण कळत नाही". ऑडिओग्राम शांत खोलीत बारीकशी शिट्टी ऐकू येते का एवढंच सांगतो. गोंगाटात बोलणं किती समजतं ते त्याच्यावरून नीट कळतच नाही, सारख्या ऑडिओग्रामच्या दोन माणसांत जमीनअस्मानाचा फरक असतो. त्या काकांना इंग्लिश टेस्ट लावली असती तर स्कोअर वाईटच आला असता, पण तो कानामुळे की इंग्लिशमुळे हे कुणी सांगायचं? गोंगाटात परकी भाषा अजून अवघड जाते, त्यात पडलेला प्रत्येक मार्क तू कानाच्या खात्यात टाकणार आणि माणसाच्या गळ्यात नको ते कानाचं मशीन मारणार.

आता ट्रान्सलेशनचं. क्विकसिनच्या एका यादीत ६ वाक्यं, प्रत्येकात ५ की-वर्ड (ज्यांचे मार्क मोजायचे ते शब्द), पहिलं वाक्य गोंगाटापेक्षा २५ डीबी (डेसिबल) वर आणि मग पाच-पाचने उतरत शेवटचं ० ला. ती इंग्लिश वाक्यं १९६९ च्या आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या संचातली आहेत, मुद्दाम अशी की एक शब्द कळला म्हणून पुढचा ओळखता येऊ नये. ही अशी वाक्यं फारसीत नेलीस की दोन गोष्टी होतात. एक तर वाक्य पुस्तकी होतं. फारसीत लिहायची भाषा आणि बोलायची भाषा यात आपल्याकडच्या "मी जात आहे" आणि "मी चाललोय" पेक्षा मोठं अंतर आहे. लिहिताना नान, तेहरानी तोंडात नून. लिहिताना खाने, बोलताना खुने. "मी जातो" लिहिताना मीरवम, बोलताना मीरम. "दस्त" मधला त बोलताना गळून नुसता दस राहतो. आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळं पुस्तकी होतं, तेव्हा एक आजी हेडफोन काढून म्हणाल्या, ही बातम्या वाचणारी बाई कोण? त्यांना ऐकू सगळं येत होतं, पण घरच्या गोंगाटात कुणी तसं बोलतच नाही, त्यामुळे आपण जे मोजायला निघालो होतो ते हातातून निसटत होतं.

दुसरं, की-वर्डची गणती कोसळते. फारसीत निम्मी क्रियापदं जोडक्रियापदं असतात, नाम आणि पुढे कर्दन किंवा झदन. फोन करणं म्हणजे झंग झदन, बोलणं म्हणजे हर्फ झदन. "झंग" ऐकू आलं की "झद" फुकट मिळतं, ऐकायची गरजच नाही. आम्ही ते दोन शब्द म्हणून मोजले होते आणि त्या वाक्यांचे स्कोअर भलतेच चांगले यायला लागले, आम्ही खूश. मग टीममधल्या एका सीनियरने शांतपणे विचारलं की इथे दोन मार्क कशाचे देताय? जोडक्रियापद एकच शब्द धरायचा. आणि ओळखीचे तयार बोल तर घ्यायचेच नाहीत, इराणी माणसाच्या तोंडात तारोफची, म्हणजे आदबीच्या बोलण्याची, इतकी ठरलेली वाक्यं असतात ("खस्ते नबाशिद", "दस्ते शोमा दर्द नकोने") की पहिलं अक्षर कळलं तरी पूर्ण वाक्य म्हणून मोकळा होतो. म्हणी नकोत, कवितेच्या ओळी तर नकोतच, सादी-हाफिजची ओळ त्यांना अर्धी झोपेत उठवून म्हटलीस तरी पूर्ण करतील.

स्कोअरिंगचे नियम रेकॉर्डिंगच्या आधी लिहून काढ, नंतर भांडणं होतात. रफ्तम म्हणजे गेलो, रफ्तीम म्हणजे आम्ही गेलो, गोंगाटात शेवटचं अम आणि ईम कुणाला कळणार? पेशंट रफ्तीमच्या जागी रफ्तम म्हणाला तर मार्क द्यायचा की नाही हे तू आणि तुझी क्लासमेट वेगवेगळं ठरवणार, मग एकाच पेशंटचे दोन स्कोअर येणार. काय ठरवता ते महत्त्वाचं नाही, एकच काहीतरी ठरवा.

यावरून अजून एक, हे मला फार उशिरा कळलं. फारसीत क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. आणि साध्या वाक्यात जोर क्रियापदाच्या आधीच्या शब्दावर पडून जातो, क्रियापदापर्यंत येता येता आवाज खाली उतरतो, दम संपल्यासारखा. इंग्लिशमध्ये साधारणपणे वाक्याच्या शेवटाकडे जोरदार नाम असतं. त्यामुळे फारसी वाक्याची पाचवी की-वर्ड जवळपास दर वेळी गोंगाटात बुडत होती आणि आम्हाला वाटत होतं पेशंटच्या लक्षात राहत नाही. सॉफ्टवेअरमध्ये वेव्हफॉर्म उघडून बघितला तर शेवटचा शब्द सरळ सरळ बुटका. उपाय दोन: बोलणारीला सांगायचं की शेवट गिळू नको (पण ओरडू पण नको, ते खोटं वाटतं), आणि सगळ्या की-वर्ड शेवटी लोटायच्या नाहीत.

क्लासमेटच्या आवाजात रेकॉर्ड करायचं म्हणतोस, हरकत नाही, पण आधी तिचं बोलणं तिऱ्हाईत तेहरानी माणसांना ऐकव. इथे पाच वर्षं राहिलेल्या माणसाची लय बदलते आणि त्याला स्वतःला ते कळत नाही, माझंच मराठी आता पुण्याच्या बहिणीला "कॅनडातलं" वाटतं. प्रत्येक वाक्य तीन-चारदा घे, वेगवेगळ्या दिवशी नको, सर्दी झालेली असताना तर नकोच.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढं लिहितेय. ट्रान्सलेशन, रेकॉर्डिंग, गोंगाट हे सगळं मिळून काम फार तर एक तृतीयांश. उरलेलं सगळं काम म्हणजे वाक्यं एकमेकांइतकीच अवघड करणं. बघ, यादी १ ला पेशंटचा स्कोअर आला, मग मशीन लावलं आणि यादी २ ने पुन्हा तपासलं, सुधारणा दिसली. ती मशीनची, की यादी २ मुळातच सोपी होती म्हणून? याचं उत्तर देता येत नसेल तर सगळा खटाटोप वाया. आणि अवघडपणा मीटरवर दिसत नाही. सगळ्या फाइल आरएमएसने (आवाजाच्या सरासरी जोराने) एका लेव्हलला आणल्या म्हणजे त्या सारख्याच कळतात असं अजिबात नाही. ते कानच सांगतात, म्हणजे माणसं बसवावी लागतात.

आकड्यांचं उदाहरण घे, म्हणजे हे नीट दिसेल. फारसीतले आकडे: येक, दो, से, चहार, पंज, शेश, हफ्त, हश्त, नोह. (आपला हप्ता आणि पंजा इथूनच आलेत, त्यामुळे मराठी माणसाला हे लगेच पाठ होतात.) गोंगाट आपण वापरतो तो बोलण्याच्याच स्पेक्ट्रमचा, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीत जास्त जोर, वर जाता जाता कमी. त्यात "शेश" घातलास तर दोन्हीकडचा श वरच्या भागात मोकळा मिळतो, सगळ्यात आधी तोच ओळखू येतो. कुठल्याही गर्दीत श्श् केलं की माना वळतातच. "नोह" मात्र मऊ, त्यात पकडायला काहीच नाही, गोंगाटात विरघळून जातो. आणि हफ्त-हश्त ही जोडी तर खास: स्वर एकच, शेवटचा त बोलताना गळतो, उरतो फक्त फ आणि श चा फरक. फ हा भाषेतल्या सगळ्यात दुबळ्या आवाजांपैकी, वरच्या फ्रिक्वेन्सीत घसरण असलेल्या माणसाला तो ऐकूच येत नाही, मग तो अंदाजाने काहीतरी म्हणतो. चहार हा एकटाच दोन अक्षरी, त्यामुळे लांबीवरूनच ओळखू येतो, आणि बोलताना त्याचा "चार" होतो तेव्हा पुन्हा एक अक्षरी. तेव्हा चहार म्हणायचं की चार, हे ठरवायचं आणि सगळीकडे तेच ठेवायचं. डच लोकांनी २००४ मध्ये टेलिफोनवरची तीन आकड्यांची टेस्ट काढली तेव्हा त्यांनी ७ आणि ९ सरळ वगळले, त्यांच्या भाषेत ते दोन अक्षरी आहेत म्हणून.

मग करायचं काय, तर नॉर्मल ऐकणारी तरुण मंडळी बसवायची, २५० ते ८००० हर्ट्झला थ्रेशोल्ड (जेमतेम ऐकू येणारा आवाज) २० डीबीच्या आत असलेली, मातृभाषा फारसी. प्रत्येक शब्द किंवा वाक्य वेगवेगळ्या एसएनआरला (बोलणं गोंगाटापेक्षा किती डीबी वर, तो आकडा) ऐकवायचं, किती टक्के बरोबर आलं त्याचा आलेख काढायचा. तो इंग्रजी एस सारखा दिसतो, मधोमध जिथे ५० टक्के येतात तो त्या शब्दाचा आकडा, आणि तिथली चढण किती तीव्र आहे तेही बघायचं. चढण जितकी खडी तितकी टेस्ट धारदार, कारण एसएनआर १ डीबीने हलला की स्कोअर ठळक हलतो. ओल्डेनबर्ग या जर्मन वाक्यांच्या टेस्टमध्ये ही चढण १७ टक्के प्रति डीबीच्या आसपास आहे, आणि ती काही योगायोगाने आलेली नाही. शब्दांचे आकडे विखुरलेले असले की सगळ्या यादीचा एकत्र आलेख लोळतो, त्यांना जवळ आणलं की उभा राहतो. म्हणून नोह थोडा मोठा करायचा, शेश थोडा लहान करायचा. पण साधारण ३ डीबीच्या पलीकडे जाऊ नकोस, नाहीतर बोलताना मधेच कुणी व्हॉल्यूम फिरवतंय असं वाटतं. त्याने भागत नसेल तर ते वाक्य टाकून दे. जीव तोडून बनवलेली वाक्यं टाकताना त्रास होतो, आमची निम्म्याहून जास्त गेली, त्यात माझं एक आवडतं डाळिंबाचं वाक्यही होतं. एवढं करून झालं की नवीन यादी बनवून नवीन माणसांवर पुन्हा. जुनीच माणसं घेऊ नकोस, त्यांना वाक्यं पाठ झालेली असतात.

गोंगाट कुठला घ्यायचा हे तू फारच हलक्यात घेतलंयस. यूट्यूबवरचा रेस्टॉरंटचा आवाज नको, त्यात मधेच कप आपटतो आणि नेमका तुझ्या की-वर्डवर आपटतो. एकतर तुझ्याच रेकॉर्डिंगची वाक्यं एकावर एक शेकड्याने चढवून स्थिर गोंगाट बनव, त्याचा स्पेक्ट्रम आपोआप बोलणारीसारखा होतो. किंवा क्विकसिनसारखं चार जणांचं बडबडणं घे, पण मग ते चार जण फारसीच बोलणारे हवेत. मागची बडबड कळणाऱ्या भाषेत असेल तर ती जास्त सतावते, लक्ष तिकडे खेचलं जातं. आमच्याकडे घाईत कुणीतरी इंग्लिश बॅबल (मागची बडबड) लावला होता आणि ज्यांना इंग्लिश कमी कळत होतं त्यांचे स्कोअर चांगले आले!

आता एक असा सापळा ज्यात बरेच जण अडकतात. क्विकसिनचा हिशोब सगळ्यांना पाठ असतो: २५.५ मधून एकूण बरोबर शब्द वजा केले की एसएनआर लॉस, म्हणजे नॉर्मल माणसापेक्षा किती डीबी जास्त लागतात ते. हा २५.५ आला कुठून विचार कर. अर्धे शब्द कळायला लागणारा एसएनआर सूत्राने २७.५ वजा स्कोअर असा येतो, आणि त्यातून अजून २ वजा केलेत, कारण नॉर्मल ऐकणाऱ्या माणसाला त्या इंग्लिश मटेरियलवर साधारण २ डीबी लागतात. तो २ इंग्लिशचा आहे, ती वाक्यं बोलणाऱ्या बाईच्या आवाजाचा, त्या बॅबलचा आहे. तुझ्या फारसी मटेरियलवर नॉर्मल माणसं समजा उणे १ ला अर्धे शब्द ओळखत असतील आणि पेशंटला २४ मिळाले, तर इंग्लिश सूत्राने लॉस दीड येतो, म्हणजे नॉर्मल, घरी जा. खरा लॉस साडेचार आहे, म्हणजे सौम्य का होईना, प्रॉब्लेम आहे. तेव्हा आधी स्वतःचा नॉर्मल आकडा काढ, मगच वजाबाकी.

आणि "फारसी बोलणारा" म्हणजे नक्की कोण? इराणात घरी अझेरी, कुर्दी, गिलकी, लुरी बोलणारे लाखो लोक फारसी शाळेत शिकलेत. त्यांचे नॉर्म (तुलनेसाठीचे नॉर्मल आकडे) वेगळे बघावे लागतात. अफगाणिस्तानातली दरी लिहायला तीच, कानाला वेगळी. तेहरानमध्ये शीर म्हणजे दूध, शीर म्हणजेच सिंह, आणि नळाची तोटीही शीरच. काबूलमध्ये दूध शीर आणि सिंह शेर, म्हणजे आपल्याकडे जो शेर आला तो त्या जुन्या उच्चाराचा. त्यामुळे गंमत अशी की मराठी माणसाला तेहरानपेक्षा काबूलचा उच्चार ओळखीचा वाटतो आणि तो आत्मविश्वासाने चूक करतो. मी केलीय, "शेर" म्हणून बरोबर मार्क दिला होता, क्लिनिकमधली इराणी रिसेप्शनिस्ट अजून हसते. तुमच्या सँपलमध्ये अफगाण मंडळी येणारच, इथे त्यांची वस्ती भरपूर आहे. त्यांना वाक्यांच्या टेस्टला घेऊ नका, आकड्यांच्या टेस्टला घेता येतील पण नॉर्म वेगळे ठेवा. आणि हो, मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलवाल्यांची मदत घेऊ का असं तू शेवटी लिहिलंयस, तर त्यातले कित्येक घरी दरीच म्हणतात पण ती यझद-केरमानच्या झरतुष्टी लोकांची बोली, अफगाणी दरीशी तिचा संबंध फक्त नावापुरता, आणि पुढची पिढी गुजराती-हिंदीच बोलते. चहा प्यायला जरूर जा.

वाचायचं म्हटलं तर आयसीआरए या ऑडिओलॉजिस्टांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१५ मध्ये वेगवेगळ्या भाषांत अशा टेस्ट कशा बनवायच्या याच्या शिफारशी काढल्यात, त्या आधी वाच, आणि आयएसओ ८२५३ या आंतरराष्ट्रीय मानकाचा तिसरा भाग. शिकण्याचा परिणामही तिथे मिळेल, मॅट्रिक्स टेस्टमध्ये (ठरलेल्या शब्दांच्या तक्त्यातून वाक्यं जुळवतात ती, ओल्डेनबर्ग तसलीच) पहिल्या दोन याद्या सरावाच्या म्हणून सोडून द्यायच्या असतात, कारण माणूस टेस्टला सरावतो आणि स्कोअर आपोआप सुधारतो. आणि इराणमध्ये वाक्यांच्या आणि आकड्यांच्या फारसी टेस्टवर काम झालेलं आहे, तुझी क्लासमेट फारसीत शोधेल तर सापडेल. कदाचित नवीन बनवण्यापेक्षा तिथलं मटेरियल परवानगीने घेऊन इथल्या इराण्यांवर ते कसं चालतं ते बघणं हाच जास्त चांगला प्रोजेक्ट होईल, तुझ्या गाईडला कमी चमकदार वाटला तरी.

एका सेमिस्टरमध्येच काहीतरी हवं असेल तर वाक्यं सोड, आकडे घे. नऊ शब्द, सगळ्यांना येतात, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही येतात, चुकलं तर वाद नाही. या शनिवारी क्लासमेटला बसवून नऊ आकडे प्रत्येकी पाचदा रेकॉर्ड करून घे, आणि हफ्त-हश्त हेडफोन लावून डोळे मिटून ऐक. तुला स्वतःला फरक कळत नसेल तर सोमवारी पुन्हा रेकॉर्ड करायचं.